पानावरची बाई आणि पानाखालची सही

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आजचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी दोघीतिघींनी मला विचारलंच, "अगं, पोटगी, सातबारा, रेशनकार्ड सोडून हे फारसी हस्तलिखितांचं काय काढलंस?" प्रश्न रास्त आहे. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई आहे, फारसीची पंडित नाही. पण केंद्रावर येणाऱ्या बायकांचे अर्ज, जबाब, तडजोडीचे कागद हाताळताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर येते. कागदात बाई असते, पण कागद लिहिणारी बाई क्वचितच असते. असं का झालं, आणि त्यानं काय बिघडतं? जुन्या फारसी पोथ्यांच्या पानांबद्दल वाचताना मला हा प्रश्न जितका स्वच्छ दिसला तितका इतर कुठे दिसला नव्हता. म्हणून ती पानं आज आपण मिळून वाचू.

आणि फारसी आपल्याला एवढी परकी तरी कुठे आहे? आत्ता मी बोलले ते शब्दच बघा. अर्ज, जबाब, कागद. शिवाय कलम, शाई, दौत, दफ्तर, मसुदा, नक्कल, फिर्याद, तक्रार, मंजूर, सही. ज्या शब्दासाठी आपण रस्त्यावर उतरतो तो 'हक्क' मुळात अरबी, पण आपल्याकडे आला फारसीच्या वाटेनं. शिवाजीमहाराजांच्या काळात रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला, दरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी कचेरीतले हे शब्द काही हलले नाहीत. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्यातूनच आपले चिटणीस आणि फडणीस झाले. सुंदर अक्षर काढणाऱ्याला इराणात 'खुशनवीस' म्हणतात. म्हणजे तिकडचा खुशनवीस आणि आपल्या संस्थेची चिटणीस यांचं भाषेतलं कूळ एकच आहे.

पान कसं तयार होई

आधी हे पान बनायचं कसं ते पाहू, कारण श्रम कळल्याशिवाय त्यातली सत्ता कळत नाही.

कागदाला आधी खळ देत. तो वाळला की अकीकाच्या दगडानं घोटून घोटून गुळगुळीत करत, म्हणजे लेखणी अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. ओळी आखायला 'मिस्तर' असे. एका पुठ्ठ्यावर ठरावीक अंतरानं दोरे ताणून बसवलेले असत. त्यावर कागद ठेवून बोटानं दाबला की ओळींचे पुसट वळ उमटत. शाई दिव्याच्या काजळीची आणि डिंकाची, तासन् तास खललेली. लेखणी म्हणजे आपला बोरू, टोक तिरकं छाटलेला. त्या टोकानं एक चौकोनी ठिपका काढायचा आणि प्रत्येक अक्षराची उंची, लांबी, गोलाई त्या ठिपक्यांत मोजायची. हे अंगवळणी पडायला वर्षानुवर्षं सराव करावा लागे. सरावासाठी तीच तीच अक्षरं एकमेकांवर लिहून कागद काळा करत. त्याला 'सियाह मश्क' असंच नाव आहे.

फारसी काव्याच्या पोथ्या ज्या लिपीत मुख्यतः लिहिल्या गेल्या ती नस्तालिक. शब्द वरून खाली, उजवीकडून डावीकडे घरंगळत आल्यासारखे दिसतात. उर्दूची छपाई आजही त्याच वळणाची असते. परंपरेनं तिचं श्रेय मीर अली तब्रीझी याला दिलं जातं. त्याच्या हातची, ख्वाजू किर्मानीच्या काव्यांची १३९६ साली बगदादला लिहिलेली पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पुढे सुलतान अली मशहदी या नामांकित खुशनवीसानं १५१४ साली सुलेखनावर पद्यात एक ग्रंथच लिहिला. त्या समाजात सुंदर हस्ताक्षराला चित्रापेक्षाही वरचा मान होता.

हे काम एकट्याचं नसे. दरबारात 'किताबखाना' असे, म्हणजे पुस्तकं ठेवण्याची आणि पुस्तकं बनवण्याचीही जागा. तिथे लिहिणारा वेगळा, चित्र काढणारा वेगळा, सोन्याची वेलबुट्टी भरणारा वेगळा, जिल्द बांधणारा वेगळा. पोथी पूर्ण झाली की शेवटच्या पानावर लिहिणारा आपलं नाव आणि साल घाली. नावामागे 'फकीर', 'पापी', 'दास' अशी नम्रतेची विशेषणं लावी, पण नाव लिही.

त्या नावाला किंमतही मोठी मिळे. अकबरानं मुहम्मद हुसेन काश्मिरीला 'झर्रीन कलम' म्हणजे सोन्याची लेखणी ही पदवी दिली. अब्दुर्रहीम याला 'अंबरीन कलम' ही पदवी होती. त्यानं १५९५ साली निझामीच्या 'खम्सा'ची, म्हणजे पाच काव्यांच्या संग्रहाची, पोथी लिहिली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या शेवटी पुढे जहांगीरच्या आज्ञेवरून एक चित्र काढलं गेलं. लेखक अब्दुर्रहीम लिहीत बसला आहे आणि समोर चित्रकार दौलत त्याचं चित्र काढतो आहे. कारागिरांना आपल्या नावाबरोबर आपला चेहराही पानावर ठेवता आला.

वाचावं, पण लिहू नये

आता प्रश्न असा की या सह्यांमध्ये बायका कुठे आहेत?

उत्तर इराणातल्याच दोन नामवंत ग्रंथांत सापडतं. पहिला 'काबूसनामा'. कैकावूस नावाच्या राजानं १०८२ साली आपल्या मुलाला उपदेश म्हणून लिहिलेला. त्यात मुलीबद्दल सल्ला असा की तिला कुराण आणि धर्माची कर्तव्यं शिकव, लेखन मात्र शिकवू नकोस. दुसरा नसीरुद्दीन तूसीचा 'अखलाक-ए-नासिरी', १२३५ सालचा. तूसी म्हणजे मोठा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. तोही म्हणतो की मुलींना वाचन-लेखनापासून दूर ठेवावं.

हा नीतिग्रंथ पुढे शतकानुशतकं आदर्श मानला गेला. अकबराच्या चित्रशाळेत १५९०-९५ च्या सुमारास त्याची देखणी सचित्र प्रत तयार झाली. तिच्यात एक चित्र खुद्द किताबखान्याचं आहे. कागद घोटणारा, लिहिणारा, चित्र काढणारा, जो तो आपल्या कामात गढलेला, आणि सारे पुरुष. मुलींना लिहू देऊ नका म्हणणारं पुस्तक पुरुषांनी किती सुंदर अक्षरांत लिहून काढलं बघा.

'काबूसनाम्या'तली वाचन आणि लेखन यांतली फारकत नीट लक्षात घ्या. वाचणाऱ्या बाईला दुसऱ्याचा हुकूम कळतो. लिहिणाऱ्या बाईला उत्तर देता येतं. ती निरोप धाडू शकते, हिशेब ठेवू शकते, साक्ष लिहून ठेवू शकते. म्हणून भीती लेखणीची होती. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळांना विरोध करणारे काय म्हणत होते ते आठवा. मुलगी लिहायला शिकली तर परपुरुषाला चिठ्ठ्या लिहील!

गंमत अशी की ज्या परंपरेत हा उपदेश झाला, तिनंच मुलींच्या शाळेचं एक अतिशय लोभस चित्र जपलं. निझामीच्या 'लैला-मजनू' या ११८८ सालच्या काव्यात लैला आणि कैस एकाच मकतबात शिकतात. चित्रकारांना हा प्रसंग फार आवडे. शेख झादा यानं काढलेलं, १५२४-२५ सालच्या पोथीतलं असं एक पान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पोथीचा लेखक सुलतान मुहम्मद नूर. म्हातारे गुरुजी आणि भोवती एकत्र शिकणारी मुलं-मुली.

पण कथेत पुढे काय होतं? लोक बोलायला लागतात आणि लैलाचं बाहेर पडणं बंद होतं. कैस वेडा होऊन रानोमाळ भटकतो, त्याच्या कविता जगभर होतात. लैला घरात कोंडलेली. तिलाही कविता सुचतात. ती त्या चिठोऱ्यांवर लिहून वाऱ्यावर सोडते, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती लागाव्यात म्हणून. आपण सारे तिला मजनूची प्रेयसी म्हणून ओळखतो. लिहिणारी लैला कुणाला ठाऊक असते?

ज्यांनी लिहिलं

उपदेश कितीही झाला तरी बायकांनी लेखणी धरलीच. नावं सांगते.

इराणच्या शाह तहमास्पची बहीण महीन बानू, 'सुलतानम' म्हणून ओळखली जाणारी (१५१९ ते १५६२). ती हेरातच्या दोस्त मुहम्मदकडून नस्तालिक शिकली. राज्यकारभारात भाऊ तिचा सल्ला घेई. हिंदुस्थानातून परागंदा होऊन हुमायून १५४४ साली इराणच्या आश्रयाला गेला, तेव्हा त्याच्यासाठी शब्द टाकणारी हीच. दुसरी गौहर शाद, नस्तालिकचा थोर लेखक मीर इमाद याची मुलगी. बापाचा १६१५ साली इस्फहानमध्ये खून झाला, मुलीनं बापाची कला चालवली. तिसरी झिया-उस्-सल्तना, फतह अली शाहची मुलगी. त्याची कारकीर्द १७९७ ते १८३४. बापाचा खाजगी पत्रव्यवहार ती लिही. म्हणजे खरोखरीची चिटणीस!

मुघल घराण्यात औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा (१६३८ ते १७०२). ती नस्तालिकसह तीन वळणांची लिपी सुरेख लिहीत असे अशी दरबारी इतिहासात नोंद आहे. बंडखोर भावाशी संधान ठेवल्याच्या आरोपावरून १६८१ साली बापानंच तिला सलीमगडावर कैदेत टाकलं आणि ती कैदेतच गेली. तिच्या नावावर 'मख्फी' या टोपणनावानं एक काव्यसंग्रह सांगतात. तो तिचाच का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. मख्फी म्हणजे लपलेली. टोपणनावच असं, की वाद होणारच!

आणि बाबराची मुलगी गुलबदन बेगम. अकबराच्या सांगण्यावरून तिनं आपला भाऊ हुमायून याच्या आठवणी लिहिल्या. त्यात लढाया आहेत, पण त्याबरोबर पळापळीत हरवलेली मुलं आहेत, लग्नं आहेत, आया-आत्या-बहिणींचे सल्ले आहेत, मरणं आहेत. दरबारी इतिहासकारांनी जे सोडून दिलं ते तिच्यामुळे उरलं. या ग्रंथाची एकच हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे, ब्रिटिश लायब्ररीत. ती वाक्याच्या मध्येच तुटते. पुढची पानं गेली. १९०२ साली ॲनेट बेव्हरिज या बाईनं त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तोवर फार थोड्यांना त्याची खबर होती.

ही नावं ऐकताना तुमच्या लक्षात आलं असेल. बहुतेक सगळ्या कुणाची तरी मुलगी किंवा बहीण. लेखणी त्यांच्या हाती आली ती घरातून. मुलगे गुरूच्या हाताखाली शिकून, किताबखान्यात नोकरी करून, पदवी मिळवून पुढे येत. तो रस्ता बायकांना बंद होता. जहांगीरच्या काळातली चित्रकार नादिरा बानू आपल्या चित्रावर 'मीर तकीची मुलगी, आका रिझाची शिष्या' अशी ओळख देते. ही चित्रं तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यातल्या 'गुलशन' चित्रसंग्रहात आहेत. सहीतसुद्धा बाप आणि गुरू यांचा आधार लागला. पण सही आहे, म्हणूनच आज आपण तिचं नाव घेऊ शकतो.

इथे भाषेची एक गोष्ट सांगते. फारसीत व्याकरणाचं लिंग नाही. 'तो लिहितो' आणि 'ती लिहिते' याला एकच वाक्य. मराठीत 'मी लिहिते' एवढ्यानंही बाई ओळखू येते. फारसीत तसं नाही. तिथे सही नसेल तर हात बाईचा की पुरुषाचा हे पान सांगत नाही. आणि जिथे पान सांगत नाही तिथे आपण सारे पुरुषच धरून चालतो.

पुसलेली राणी

आता दूर इराणातून आपल्या अहमदनगरला या. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी फारसीच चाले. निझामशाहीत आफताबी नावाच्या कवीनं हुसेन निझामशाहावर एक फारसी काव्य लिहिलं, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला, त्या विजयाचं गुणगान त्यात आहे. ही सचित्र पोथी आपल्या पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. मंडळानं १९८७ साली ती अनुवादासह छापलीही. चित्रं मूळची चौदा, त्यांतली बारा उरली आहेत. एका चित्रात बाईच्या स्पर्शानं झाड फुलतं ही आपली जुनी दोहदाची कल्पना आली आहे. फारसी काव्याच्या पोथीत अस्सल इथलं चित्र!

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. या काव्यात राजाबरोबर त्याच्या राणीचीही स्तुती आहे. तिचं नाव खुंझा हुमायून. चित्रकारानं तिला राजाशेजारी सिंहासनावर बसवलं होतं. दरबारी पोथीत राणी अशी राजाच्या जोडीला बसलेली दिसणं फार दुर्मीळ. आज ती चित्रं पाहिली तर राजा आहे, सिंहासन आहे, दासी आहेत, आणि राजाशेजारी बहुतेक ठिकाणी रंगाचा एक डाग आहे. राणीची आकृती पुसून वर रंग फासला आहे.

का? हुसेनशाह १५६५ सालीच वारला. मुलगा मुर्तझा लहान होता, म्हणून राज्याचा कारभार खुंझा हुमायूननं हाती घेतला. तिनं तो काही वर्षं चालवला. मग मुर्तझानं सरदारांच्या मदतीनं १५६९ च्या सुमारास आपल्याच आईला कैद केलं. तिची सत्ता गेल्यानंतर पोथीतून तिची आकृती पुसली गेली असं अभ्यासक मानतात. पुढे १५९५-९६ साली अहमदनगरचा किल्ला मुघलांविरुद्ध लढवणारी चांदबिबी आपल्याला शाळेपासून माहीत आहे. खुंझा हुमायून ही तिची आई. तिचं नाव आपल्यातल्या किती जणींनी ऐकलं होतं?

पण पुसणाऱ्याला सगळं पुसता आलं नाही. शेजारच्या मजकुरात तिची स्तुती तशीच राहिली. आणि तो डागही राहिला. कोरी जागा ठेवली असती तर कदाचित कुणाच्या लक्षात आलं नसतं. पुसल्याची खूणच आता तिच्या बाजूनं साक्ष देते.

पानं सुटी होतात

पोथीवर आणखी एक संकट येतं. ती फाडली जाते. शाह तहमास्पसाठी तब्रीझला फिर्दौसीच्या 'शाहनामा'ची एक भव्य प्रत तयार झाली होती, २५८ चित्रांची. १५६८ साली ती ऑटोमन सुलतानाला भेट गेली, फिरत फिरत युरोपात पोचली. १९५९ मध्ये आर्थर हॉटन या अमेरिकन धनिकानं ती विकत घेतली आणि पानं सुटी केली. त्यांतली ७८ चित्रं मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली, बाकीची काही लिलावात सुटी सुटी विकली. उरलेली ११८ चित्रं, मजकुराची पानं आणि जिल्द १९९४ साली इराणला परत मिळाली, पण अदलाबदलीत. बदल्यात इराणनं काय दिलं? विलेम द कूनिंग या चित्रकाराचं 'वूमन ३' हे १९५३ सालचं चित्र. नग्न स्त्रीचं म्हणून १९७९ च्या क्रांतीनंतर ते तेहरानच्या संग्रहालयात मांडता येत नव्हतं. व्हिएन्नाच्या विमानतळावर देवघेव झाली. २००६ साली ते चित्र सुमारे पावणेचौदा कोटी डॉलरना विकलं गेलं.

हस्तलिखित घरी आलं हे चांगलंच झालं. पण या व्यवहाराकडे पाहताना मला वाटतं, चित्रातली बाई एका देशात झाकून ठेवण्याची वस्तू झाली आणि दुसऱ्या देशात विकण्याची. दोन्हीकडे ठरवणारे हात कुणाचे होते?

एक सावधगिरी

हे सगळं ऐकून कुणी "बघा, त्यांच्यात बायकांना असंच वागवतात" असं म्हणणार असेल तर मला आत्ताच थांबवायचं आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर वस्त्यांमधून काम केलेल्या आपल्या थोरल्या मैत्रिणींना ही भाषा कुठे नेते ते चांगलं ठाऊक आहे. लेखणी बाईच्या हातून काढून घेण्याचं काम कुठल्या एका धर्मानं केलेलं नाही. आपल्याकडे तर बायकांबरोबर शूद्रातिशूद्रांनाही अक्षरापासून दूर ठेवलं. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणारे कोण होते? त्यांच्या बाजूला फातिमा शेख उभ्या होत्या हे विसरू नका. अकबराची आई हमीदा बानू बेगम हिच्याजवळ स्वतःची सचित्र फारसी रामायणाची पोथी होती, १५९४ सालची. ती आज दोहाच्या संग्रहालयात आहे. पोथ्यांनी असल्या भिंती कधी मानल्या नाहीत. आपणही मानू नयेत.

आणि इराणच्या बायका तरी गप्प कुठे बसल्या? शिरीन नेशात या इराणी कलावतीनं १९९३ ते १९९७ या काळात 'विमेन ऑफ अल्ला' ही छायाचित्रमालिका केली. बायकांचे चेहरे, हात, पाय, आणि त्यांवर शाईनं लिहिलेला फारसी मजकूर. त्यात १९६७ साली गेलेल्या फरूघ फरुखझाद या बंडखोर कवयित्रीच्या ओळीही आहेत. पुरुषांनी कागदावर बाई रेखाटली होती, इथे बाईनं बाईच्या छबीवर दुसऱ्या बाईचे शब्द लिहिले. १६ सप्टेंबर २०२२ रोजी महसा अमिनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली, आणि तेहरानच्या भिंतींवर एक घोषणा उमटली, "झन, झेंदगी, आझादी". मूळ घोषणा कुर्दी चळवळीतली. बाई, जिंदगी, आझादी. आपल्या 'जनाना' शब्दातही तोच 'झन' आहे. ही घोषणा आपल्याला समजायला दुभाषा लागत नाही. भिंतीवरचं अक्षर सकाळी रंग फासून पुसलं जातं, रात्री पुन्हा लिहिलं जातं.

आपल्या फायली

आता आपल्या कामाकडे येते. या पानांवरून आपण काय घ्यायचं?

केंद्रावर येणारी बाई बोलते तेव्हा तिची भाषा जिवंत असते. ती सांगते, "दारात उभं केलं रात्रभर, पोराला आत घेतलं आणि मला नाही." एका कचेरीत तिचा जबाब लिहून घेतला गेला आणि कागदावर आलं, "पती-पत्नीत किरकोळ कारणावरून वाद झाला." खाली तिचा अंगठा. तिला वाचून दाखवलं नव्हतं. बाई कागदात आहे, पण रंग फासलेल्या राणीसारखी.

कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तर ती लिहून घ्यायची, देणाऱ्याला वाचून दाखवायची, त्यावर सही घ्यायची आणि प्रत विनामूल्य द्यायची. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यांत खबर देणारी पीडित बाई असेल तर ती महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची आहे. ही तरतूद आहे. ती मागून घ्यायला आपण बाईबरोबर उभं राहायचं आहे.

आणि आपल्या स्वतःच्या दफ्तराचं काय? मी चार गोष्टी सुचवते, चर्चेत त्यावर बोला.

पहिली, प्रत्येक अर्जाखाली तो कुणी लिहून दिला तिचं नाव आणि तारीख घाला. खुशनवीसानं शेवटच्या पानावर घातलं तसं. त्यानं जबाबदारी ठरते, आणि उद्या इतिहास लिहिणारीला हात कुणाचा ते कळतं.

दुसरी, निदान एक परिच्छेद बाईच्या तोंडच्या शब्दांत, तिच्या बोलीत ठेवा. कायद्याची भाषा त्यानंतर येऊ द्या. गुलबदनच्या आठवणींचं मोल तिच्या घरगुती भाषेतच आहे.

तिसरी, खाडाखोड झाली तर झाकू नका. बाईनं जबाब बदलला असेल तर आधीचाही ठेवा, आणि का बदलला ते लिहा. दबाव कुठून आला याचा पुरावा पुष्कळदा त्या खोडलेल्या ओळीतच असतो.

चौथी, प्रत एकच ठेवू नका. एकच प्रत असली की काय होतं ते गुलबदनच्या तुटलेल्या वाक्यानं दाखवलं आहे. एक प्रत बाईकडे, एक केंद्रात, आणि एक तिसऱ्या सुरक्षित ठिकाणी. नाव-गाव गुप्त राखायचं पथ्य पाळूनच, अर्थात.

आणि साक्षरता वर्गाबद्दल एक. आपण बायकांना नाव लिहायला शिकवतो आणि थांबतो. सही आली की आकड्यांत ती साक्षर होते. पण सही करता येणं आणि आपली हकीकत लिहिता येणं यांत मोठं अंतर आहे. कैकावूसाला ते अंतर बरोबर कळलं होतं. म्हणून वर्गातल्या बाईला सहीनंतर एक ओळ लिहायला सांगा. मग दोन. काल घरात काय झालं ते लिही म्हणावं. अक्षर वेडंवाकडं असू दे, ऱ्हस्व-दीर्घ चुकू दे. वाचायला आपण आहोत.

मैत्रिणींनो, आपल्या बहुतेक संस्थांत आज चिटणीस बाई आहे. सभेचं इतिवृत्त ती लिहिते आणि खाली सही करते. पुष्कळदा हे काम कंटाळवाणं म्हणून नव्या मुलीच्या गळ्यात मारलं जातं. यापुढे तसं करू नका. ज्या कामापासून आपल्याला इतकी शतकं राखून दूर ठेवलं, ते काम ते हेच. आजच्या सभेचं इतिवृत्त कोण लिहिते आहे? तिचं नाव आधी लिहून घ्या, मग चर्चेला सुरुवात करू.